एकोणपन्नास ते चौसष्ट

दिवसभर पुस्तकांत बसायला मिळतं, म्हणजे ही माणसं वाचतच असणार, असं लोकांना वाटतं. वाचतात कसली, कपाळ! ग्रंथालयातला माणूस पुस्तकं उचलतो, लावतो, शोधतो, झटकतो, ‘हळू बोला हो’ म्हणून स्वतःच ओरडतो आणि संध्याकाळी कुलूप लावून घरी जातो. वाचायचं तेवढं राहतं. मुख्य कचेरीला हे कधी ना कधी कळणारच होतं. कळलं, आणि कचेरीने हुकूम काढला की यंदापासून प्रत्येक ग्रंथसेवकाने आपल्या कामाविषयीचं वाचन केलंच पाहिजे. प्रत्येकाला निळ्या कव्हराचं एकशे अठ्ठावीस पानांचं एक पुस्तक मिळेल. ते वाचायचं आणि महिना संपायच्या आत सोबतच्या कागदावर सही करून द्यायची. कागदावर तीन शब्द छापलेले होते: ‘वाचले व समजले.’

बेचाळीस शाखांतल्या दोनशे अकरा माणसांनी सह्या केल्या. एका बाईने केली नाही.

तिला सगळे डिंकताई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपट वाचतो कोण? पुस्तकांना तारखेच्या चिठ्ठ्या डिंकाने चिकटवायला म्हणून ती लागली होती. पुढे फाटकी पुस्तकं शिवायचं काम तिच्याकडे आलं, डिंक सुटला, नाव सुटलं नाही. मागच्या खोलीत खिडकीशी तिचं लांब टेबल होतं. त्यावर दाभण, मेण लावलेला दोरा, खळीचं भांडं आणि पुस्तक दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा. हे काम तिला एका म्हाताऱ्या बाइंडरकाकांनी शिकवलं. काका बोलायचे कमी आणि खेकसायचे जास्त. पहिल्याच दिवशी ते तिच्या हातातून सुई काढून घेत म्हणाले होते, “आधी पानं मोज, मग सुई धर. पान गहाळ असलेलं पुस्तक शिवलंस तर खोटं पक्कं करून ठेवलंस, समजलीस?” काका गेले, मोजायची सवय राहिली. हातात काहीही छापील आलं की तिचा अंगठा आधी पानांच्या आकड्यांवरून फिरायचा, मग डोळे मजकुरावर जायचे.

अकरा वर्षं ती हंगामी होती. दर सहा महिन्यांनी नवा हुकूम यायचा, आणि दोन हुकमांच्या मध्ये एक दिवस घरी बसवायचे, म्हणजे नोकरी सलग धरायला नको. अकरा वर्षांत असे बावीस दिवस ती घरी बसली होती. यंदाच्या हुकमाच्या शेपटाला मात्र एक गोड ओळ होती. जे हंगामी सेवक महिनाअखेरपर्यंत सही देतील, त्यांना कायम करण्यात येईल. आता सांगा, अशी ओळ वाचल्यावर कोणाचा हात पेनाकडे जाणार नाही? तिचाही गेला. तीन शब्दांपैकी पहिल्यावर डोळा पडला आणि हात थांबला, कारण पुस्तक अजून वाचायचं होतं.

तिने चार दिवस डबा खाता खाता ते वाचलं. पुस्तक वाईट नव्हतं बरं का. धूळ कशी काढावी, रागावलेल्या वाचकाशी कसं बोलावं, नवीन पुस्तकं कशी निवडावीत, सगळं सरळ भाषेत होतं. चौथ्या दिवशी ती अठ्ठेचाळिसाव्या पानाच्या तळाशी आली. तिथे लिहिलं होतं, ‘तीन वर्षांत एकदाही घरी न गेलेली पुस्तके वेगळी काढावीत. परंतु ती बाद करण्यापूर्वी’. पान उलटलं. पुढे होतं, ‘त्यांची यादी तीन प्रतींत करून मुख्य कचेरीस पाठवावी.’

वाक्य कसं सुतासारखं सरळ लागत होतं. कोणालाही लागलं असतं. पण तिचा अंगठा कोपऱ्यातल्या आकड्यावर गेला आणि तिथे पासष्ट होतं.

अठ्ठेचाळीस, पासष्ट. तिने पुस्तक खिडकीकडे धरलं, शिवणीत नख घालून पाहिलं. छापखान्यात सोळा सोळा पानांची एक एक घडी करतात आणि अशा घड्या एकावर एक रचून पुस्तक शिवतात. इथे चौथी घडी बसवलीच नव्हती. एकोणपन्नास ते चौसष्ट, पुरती सोळा पानं गायब. ती अनुक्रमणिकेकडे गेली. ‘प्रकरण चौथे: घरी न जाणारी, पण वापरात असणारी पुस्तके. पान ४९.’

“आता गं बाई!” ती एकटीच मोठ्याने म्हणाली.

तिने उठून देवघेवीच्या टेबलावरच्या कारकुनाचं पुस्तक मागितलं. तो चेष्टेखोर माणूस होता, पण मनाने चांगला. “घ्या की ताई. मी उशाला घेतलं होतं, सगळं ज्ञान डोक्यात उतरलं,” म्हणत त्याने ड्रॉवरमधून कोरं करकरीत पुस्तक काढून दिलं. त्यातही अठ्ठेचाळीस आणि पासष्ट. मग ती ग्रंथपालांच्या खोलीत गेली. साहेब सज्जन होते, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली, नाकासमोर चालणारे. त्यांची सही पहिल्याच दिवशी गेली होती.

“साहेब, तुम्ही निळं पुस्तक वाचलंत?”

“म्हणजे काय? वाचल्याशिवाय सही करेन का मी?”

“मग चोपन्नाव्या पानावर काय आहे हो?”

“अहो, सगळं काय पाठ असतं माणसाला?” साहेब हसले. मग तिने पुस्तक उघडून पुढे ठेवलं आणि त्यांचं हसू जागच्या जागी वाळलं. त्यांनी पान उलटं केलं, सुलटं केलं, चष्मा पुसला. “हे असं आहे होय,” ते अखेर म्हणाले. “असू दे. वाक्य लागतंय ना? लागतंय. तुम्ही सही करून टाका, मी कचेरीला एक पत्र लिहीन कधीतरी.”

“पानं आली की करते.”

“बाई, महिना संपायला तीन आठवडे आहेत. तुमच्या नोकरीचा प्रश्न आहे. कशाला हात दाखवून अवलक्षण?”

“साहेब, वाचलं असं लिहून द्यायचंय ना? मग जे वाचलंच नाही, ते कसं देऊ लिहून?”

साहेबांनी दाराकडे पाहिलं. कोणी ऐकत नव्हतं. “सगळ्यांनीच दिलंय हो,” ते हळूच म्हणाले, आणि त्यांच्या बोलण्यात लाज होती, हे मी सांगितलंच पाहिजे.

साहेबांच्या टेबलावर त्याच वेळी एक यादी पडली होती. निळं पुस्तक वाचो न वाचो, त्यातला छाटणीचा नियम कचेरीने हुकमातही घातला होता, तो मात्र प्रत्येक शाखेने तत्परतेने उचलला होता. तीन वर्षांत घरी न गेलेली पुस्तकं काढा, यादी करा, ट्रक येईल, लगदा होईल. या शाखेच्या यादीत तीनशे सत्तर पुस्तकं होती. तिने यादी चाळली आणि सतराव्या नावापाशी तिचं डोकं सणकलं. जळालेल्या पंपा-पंख्यांच्या मोटारींना तांब्याची तार भरण्याचे तक्ते असलेलं ते जाडजूड पुस्तक. दर मंगळवारी एक मिस्त्री यायचा, हाताला हे एवढं तेल. हातांनी पान डागाळेल म्हणून खिशातून पट्टी काढून तिच्या टोकाने पानं उलटायचा. उभ्याउभ्या तक्ता बघायचा, आकडे ओठांत घोळवत निघून जायचा. घरी नेलं नाही कधी. “घरी नेऊन काय करू ताई, मोटारी दुकानात आणि दुकानात सगळं तेल,” म्हणायचा. तीन वर्षांत शून्य वेळा घरी गेलं, म्हणून ते पुस्तक मेलेलं? दोनदा तर तिनेच त्याची पाठ शिवून दिली होती, इतकं ते झिजत होतं!

तिने त्याच दुपारी कचेरीला पत्र लिहिलं. सोळा पानं पाठवा, वाचून सही करते. उत्तर आठ दिवसांनी आलं, एका ओळीचं: ‘अन्य कोणत्याही शाखेकडून अशी तक्रार नाही, तरी सही त्वरित द्यावी.’ वाहवा! कोणी उघडलंच नाही, म्हणून कोणाची तक्रार नाही, आणि कोणाची तक्रार नाही म्हणून पानं आहेतच. हे असलं शहाणपण कचेरीतच पिकतं.

घरी तिने हे सांगितलं तेव्हा नवऱ्याने कपाळावर हात मारला. तो पाट्या रंगवायचा. “अगं, सही म्हणजे काय, शाईची एक रेघ. मी रोज लोकांची नावं रंगवतो, मी काय ती माणसं होतो का?” पण तिचं लक्ष आईकडे होतं.

या सहीची मुळं आईपर्यंत पोचत होती. आई एका धुलाई कारखान्यात चादरींना इस्त्री करायची. एकदा हात भाजला म्हणून तिने आठ दिवसांची रजा मागितली. मुकादमाने कागद पुढे केला. “रजेचा अर्ज आहे, उठव अंगठा.” आईने उठवला. आठ दिवसांनी फाटकावरच्या माणसाने तिला आत सोडलं नाही, कागदाची नक्कल तेवढी हातात दिली. डिंकताई तेव्हा नऊ वर्षांची होती, नुकतं सलग वाचायला लागलेली. घरात तिने मोठ्याने वाचलेला पहिला कागद तो. ‘मी राजीखुशीने नोकरी सोडत आहे.’ आणि खाली, अंगठ्याच्या शेजारी, ‘वाचून दाखवले, समजले.’ आईने तो कागद तिच्याकडून तीनदा वाचून घेतला, आणि मग म्हणाली, “चुकीचं वाचत असशील.” पोर रडत राहिली, तिने नीट वाचलं होतं म्हणून.

तुम्हाला वाटेल, ही आई आता लेकीची पाठ थोपटेल. छे! आई म्हणाली, “मुकाट्याने सही कर.”

“आई, तू हे म्हणतेस?”

“मीच म्हणणार. तुला त्या अंगठ्याचं दुःख आहे, मला नाही. मला नोकरी गेल्याचं दुःख आहे. पुढची सहा वर्षं मी दुसऱ्यांची भांडी घासली, ती तू मोजली नाहीस कधी? पानं मोजत बसते!” आणि आईने तोंड फिरवलं. त्या दिवसापासून ती लेकीशी कामापुरतं बोलायला लागली. नवऱ्याचं बोलणं एका कानाने आत आणि दुसऱ्याने बाहेर गेलं होतं, पण हे डिंकताईला लागलं. फार लागलं. तरी तिने सही केली नाही.

उलट आणखी एक उद्योग केला. चौथ्या प्रकरणाचं नाव तिच्या डोक्यात घर करून बसलं होतं. घरी न जाणारी, पण वापरात असणारी. वापर मोजायचा तर कसा मोजायचा? पान नाही तर नाही, डोकं तर आहे! ग्रंथालयात वर्षानुवर्षं पाटी होती, ‘पुस्तक वाचून जागच्या जागी ठेवा.’ तिने नवऱ्याकडून दुसऱ्या पाट्या रंगवून घेतल्या. “सही करत नाही आणि पाट्या करून मागते,” असं पुटपुटत त्याने त्या रंगवल्या, पण अक्षर नेहमीपेक्षा सुंदर काढलं. ‘पुस्तक कपाटात ठेवू नये. टेबलावरच सोडून जावे.’

वाचक बावरले. रोज सकाळी येणारे एक निवृत्त मास्तर तर पुस्तक टेबलावर ठेवून दारापर्यंत जायचे आणि चोरी केल्यासारखे मागे बघायचे. साहेब बाहेर आले. “बाई, हे कोणाला विचारून?”

“पुस्तकाला विचारणार होते साहेब, पण त्यात नेमकी तीच पानं नाहीत.”

साहेब आत गेले. दुसऱ्या दिवशी कारकून स्वतःहून तिच्या मदतीला आला. ग्रंथालय बंद होताना टेबलांवरची पुस्तकं गोळा करायची, यादीतलं असेल त्याच्यापुढे एक रेघ ओढायची, मग कपाटात. मंगळवारी मिस्त्री आला. पाटी वाचली, पट्टी खिशात घातली आणि पुस्तक उघडंच ठेवून म्हणाला, “ताई, ही बरी सोय. मला वाटायचं, मी येतो ते कोणाला दिसतच नाही.” दहा दिवसांत यादीतल्या तीनशे सत्तरांपैकी त्र्याण्णव पुस्तकं टेबलांवर सापडली. मेलेली म्हणून ट्रकमध्ये चढवायची होती ती.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी मुख्य कचेरीतून प्रशिक्षण अधिकारी बाई आल्या. दुसऱ्या दिवशी ट्रक यायचा होता, आणि दोनशे बारावी सही बाकी होती. बाई उंच, कडक इस्त्रीच्या, बोलणं काटकसरीचं. मागच्या खोलीत येऊन त्यांनी कोरा कागद टेबलावर ठेवला. साहेब आणि कारकून दारात उभे राहिले.

“तुम्हीच का त्या?”

“मीच.”

“दोनशे अकरा जणांनी वाचलं. तुम्हालाच काय अडचण आली?”

“मी वाचलं, हीच अडचण आहे बाई. त्यांनी वाचलं असतं तर त्यांनाही आली असती.”

“म्हणजे तुम्ही एकट्या शहाण्या आणि बाकी सगळे मूर्ख?”

“तुमच्या हातात पुस्तक आहे ना? चोपन्नावं पान काढा.”

बाईंनी काढायला घेतलं. अठ्ठेचाळीसपर्यंत बोट झरझर गेलं, मग अडलं. पानं चिकटली असतील म्हणून त्यांनी बोट ओलं केलं, पान चोळून पाहिलं. मग कारकुनाचं पुस्तक घेतलं, साहेबांचं घेतलं. मग खुर्ची ओढून बसल्या.

“चौथं प्रकरण माझं आहे,” त्या म्हणाल्या. “हे पुस्तक सहा जणांनी लिहिलं. चौथं मी. दोन वर्षं सात शाखांत टेबलांशी बसून मोजलंय मी ते. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग तोच आहे. छापून आलेलं स्वतःचं लिहिणं मी बघत नाही, चुका दिसतात म्हणून.” “दोनशे अकरा माणसं. आणि एकानेही—”

“वाचले व समजले,” कारकून मागून म्हणाला आणि त्याने जीभ चावली.

साहेबांनी मान खाली घातली. डिंकताईने आपला रेघांचा कागद काढून बाईंपुढे ठेवला आणि पाट्यांची हकिगत सांगितली. बाईंनी एकेक रेघ मोजली. मग त्यांनी फोन उचलला आणि बेचाळीस शाखांचे ट्रक थांबवायला सांगितलं. पाच शाखांचे आधीच भरून गेले होते. ती पुस्तकं गेली ती गेली, कोण कुठला मिस्त्री तिथे पट्टी घेऊन येईल आणि रिकामं कपाट बघेल, देव जाणे.

फोन ठेवून बाई वळल्या. आता त्यांच्या बोलण्यात कडकपणा नव्हता. “हे बघा, तारीख माझ्या हातात नाही. आज सही झाली तर तुम्ही कायम. उद्या झाली तर नवा हुकूम सहा महिन्यांचा, आणि पुढच्या वर्षी अशी संधी येईलच असं मी सांगू शकत नाही. पानं छापखान्यातून यायला चार-सहा दिवस लागतील. पण प्रकरण माझंच आहे. त्यात काय आहे ते मी तुम्हाला आत्ता, इथे बसून, अथपासून इतिपर्यंत सांगते. अर्ध्या तासाचं काम. मग करा सही. यात खोटं काही नाही.”

खरंच नव्हतं. साहेबांनी सुटकेचा श्वास टाकला. कारकून तर पेनच घेऊन आला. डिंकताईने पेनाकडे पाहिलं. तिला ते हवं होतं, खोटं कशाला बोलू? अकरा वर्षं, बावीस वेळा घरी बसवलेलं, आईची फिरवलेली पाठ, सगळं त्या एका रेघेने मिटणार होतं. तिने दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

“नाही बाई,” ती म्हणाली.

“माझ्यावर विश्वास नाही?”

“तुमच्यावर आहे. या कागदावर ‘ऐकले’ असं छापून आणा, आत्ता सही करते.”

“अहो, तोंडी सांगितलं काय आणि छापलेलं काय, मजकूर तोच!”

“माझ्या आईलाही तोंडीच सांगितलं होतं,” डिंकताई म्हणाली. भिंतीवरच्या घड्याळात साडेचार झाले होते. बाई पाच वाजेपर्यंत बसून राहिल्या. मग त्यांनी तो कोरा कागद घडी न घालता तिच्या टेबलावर ठेवला आणि गेल्या.

सोळा पानं पुढच्या महिन्याच्या सहा तारखेला आली. एक सुटी घडी, बाईंच्या हाताने पत्ता लिहिलेली. डिंकताईने आधी ती मोजली. मग निळ्या पुस्तकाची शिवण उसवून घडी जागेवर बसवली, मेणाच्या दोऱ्याने शिवली, शिकंज्यात दाबली. आणि मग खुर्ची खिडकीशी ओढून, भर कामाच्या वेळेत, दार सताड उघडं ठेवून ती वाचायला बसली. साहेब जाता जाता थांबले. कोणी बघू नये म्हणून त्यांनी दार हळूच लोटून घेतलं. तिने उठून ते परत उघडलं. ग्रंथालयात नोकर माणूस वाचताना दिसला तर दिसू दे! तिची मोजणीची रीत जवळजवळ बरोबर होती. एकाच ठिकाणी ती चुकली होती. जे पुस्तक वाचक सवयीने परत कपाटात ठेवतो, ते तिच्या रेघांत आलंच नव्हतं. त्यासाठी कपाटांवरही नजर ठेवायला हवी होती. तिने ती ओळ दोनदा वाचली. मग तिने कागद पुढे ओढला, सही केली आणि खाली तारीख घातली, सहा.

“ताई, तीस घाला की,” कारकून कळवळून म्हणाला. “आदल्या महिन्याची. कोण बघतंय?”

“मी बघतेय,” ती म्हणाली.

आठवड्याने नवा हुकूम आला, सहा महिन्यांचा. त्याआधी एक दिवस घरी, तेविसावा. हुकूम वाचून ती मागच्या खोलीत गेली आणि रडली. का नाही रडणार? ताठ मानेला दुखत नाही असं थोडंच आहे! मग तिने तोंड धुतलं आणि मोटारींच्या तक्त्यांचं पुस्तक काढलं, त्याची पाठ पुन्हा सुटायला आली होती.

तेविसाव्या दिवशी सकाळी ती घरीच होती. नवरा कामावर गेला होता. आई खिडकीत बसून चादरीच्या घड्या घालत होती, अजूनही कारखान्यातल्यासारख्या, कोपऱ्याला कोपरा. महिनाभर तिने लेकीला धड हाक मारली नव्हती.

“आलीच ना घरी बसायची वेळ,” आई म्हणाली.

“आली.”

“ज्यांच्यापायी हे झालं, ती पानं कुठे आहेत?”

डिंकताईने निळं पुस्तक आणलं. नवी घडी इतर पानांपेक्षा जराशी पांढरी होती, कडेने लगेच ओळखू येत होती. आईने तिच्यावरून बोट फिरवलं.

“काय आहे यात एवढं?”

“यात ना, पुस्तकं घरी न नेताही लोक कशी—”

“सांगू नकोस,” आई म्हणाली. “सांगणारे पुष्कळ भेटले मला. वाच. शब्दाखाली बोट ठेवून वाच, मला दिसू दे.”

मग ती वाचायला लागली. एकोणपन्नासाव्या पानापासून, एकेका शब्दाखाली बोट ठेवून. आईने चादर बाजूला ठेवली, पुढे वाकली. मध्ये दोनदा तिने थांबवलं. एकदा विचारलं, “म्हणजे नुसतं उभ्याने बघून गेला तरी तो वापरच?” आणि एकदा म्हणाली, “हे परत वाच.” दीड तास लागला. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी अडकलेलं वाक्य पासष्टाव्या पानावर जाऊन नीट संपलं. डिंकताईने बोट उचललं.

आईने पुस्तक मिटलं.

“समजलं,” ती म्हणाली. “सगळं समजलं.” आणि तिने उजव्या हाताचा अंगठा लेकीपुढे धरला. “आण तुझा तो कागद. आता कुठे उठवायचा, दाखव.”